डिस्क गोल्फची पिशवी केवढी घ्यावी?

वाचकहो, साठी उलटली की डॉक्टर म्हणतात, रोज चाला. मुलेही फोनवर तेच म्हणतात. पण नुसते चालणे किती दिवस चालणार? त्याच त्या फुटपाथवरून, तीच ती मेलबॉक्सेस मोजत! म्हणून आपल्या मंडळातले काही ज्येष्ठ आता डिस्क गोल्फ खेळू लागले आहेत. तुम्हीही येणार असाल, तर पहिला प्रश्न डिस्क कुठल्या घ्याव्यात हा नसतो. घरची मंडळी वाढदिवसाला जी पिशवी भेट देतील, ती केवढी असावी हा असतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चेंडूऐवजी तबकडी, काठीऐवजी आपला हात आणि भोकाऐवजी लोखंडी साखळ्या लावलेली बास्केट. कमीत कमी फेकींत डिस्क बास्केटमध्ये घालायची. फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत काम केलेले एड हेड्रिक हे या खेळाचे जनक मानले जातात. कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कात १९७५ साली पहिले कायमचे मैदान झाले. हेड्रिक २००२ साली गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लास्टिकात मिसळून डिस्क बनवण्यात आल्या. गंगेत विसर्जनाची सवय असलेल्या आपल्याला हे ऐकून गंमत वाटते, पण माणसाची निष्ठा पाहा! या देशातली बहुतेक मैदाने सार्वजनिक पार्कांत आहेत आणि तिथे फी नसते. आपल्या मध्यमवर्गीय मनाला हेही बरे वाटते.

आता पिशवी. साध्या गोल्फमध्ये १४ पेक्षा जास्त काठ्या नेता येत नाहीत. डिस्क गोल्फमध्ये डिस्कच्या संख्येला अशी मर्यादा नाही, आणि घोळ तिथेच सुरू होतो. दुकानात गेलात तर ढोबळ तीन प्रकार दिसतील. सहा ते दहा डिस्कची एका खांद्यावरची छोटी पिशवी, पंधरा-सोळा डिस्कची मधली, आणि वीस-पंचवीस डिस्क मावणारी दोन पट्ट्यांची सॅक. त्यापुढे चाकांची गाडी असते. दुकानातला तरुण मुलगा तुम्हाला सॅकच दाखवेल. "पुढेमागे लागेल" हे वाक्य आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगा काठोकाठ भरून विमानात चढलेली आपली पिढी. रिकामा कप्पा आपल्याला बघवत नाही.

माझा जन्म गणिते घालण्यात गेला, तेव्हा एक साधे गणित घालतो. एक डिस्क साधारण १५० ते १८० ग्रॅम. १७५ धरली तर वीस डिस्कचे साडेतीन किलो झाले. भरभक्कम सॅक स्वतःच दीड किलोच्या आसपास. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. टॉवेल, छत्री आणि चिवड्याची पुडी धरून अर्धा किलो. एकूण साडेसहा किलो. पाठीवर घेऊन चालायला हे फार नाही, असे तुम्ही म्हणाल. कबूल. पण या खेळात ओझे नुसते वाहायचे नसते. प्रत्येक फेकीआधी पिशवी खाली ठेवायची आणि फेकल्यावर पुन्हा उचलायची. अठरा बास्केट आणि दर बास्केटला दोन-तीन फेकी. जवळच्या फेकी सोडल्या तरी चाळीस वेळा उचल होते. म्हणजे एका सकाळी, वाकून, अडीचशे किलोंच्या वर! सहा डिस्क, हलकी पिशवी आणि अर्धा लिटर पाणी घेतले तर हाच आकडा ऐंशीच्या घरात येतो. कंबर या दोन आकड्यांतला फरक बरोबर ओळखते.

आमच्या सकाळच्या चौकडीतल्या एका गृहस्थांनी उन्हाळ्यात यायचे बंद केले. खांदा दुखतो म्हणाले. वहिनींना फोन केला तर म्हणाल्या, "आता दिवसभर टीव्हीपुढे असतात, जेवायलासुद्धा उठत नाहीत." त्यांची पिशवी मधल्या आकाराची, एकाच पट्ट्याची, आणि तिच्यात अठरा डिस्क. आम्ही घरी जाऊन ती टेबलावर रिकामी केली. सोळा-सतरा वर्षांच्या पोराने फेकाव्यात अशा आठ डिस्क त्यात निघाल्या. कॉलेजला गेलेल्या नातवाच्या होत्या त्या. "अहो, या तुम्ही फेकत तर नाही," असे मी म्हटल्यावर ते गप्प बसले, मग म्हणाले, "असू द्यात, त्याच्या आहेत." त्यातली एक आम्ही पिशवीत ठेवली, बाकीच्या त्याच्या खोलीत गेल्या. दोन पट्ट्यांची लहान सॅक आली, डिस्क सात झाल्या आणि सप्टेंबरपासून ते परत येऊ लागले. ती एक डिस्क ते अजूनही फेकत नाहीत.

सहा-सात डिस्क पुरतात का? आपल्या वयाला नक्की पुरतात. डिस्कवर बहुधा चार आकडे छापलेले असतात, त्यातला पहिला वेगाचा. बारा-तेरा वेगाच्या ड्रायव्हरला तेवढाच जोरकस हात लागतो. हळू हाताने फेकला तर उजव्या हाताने नेहमीच्या पद्धतीने फेकणाऱ्याचा तो लवकरच डावीकडे कलतो आणि झुडपात बसतो. त्यापेक्षा सहा-सात वेगाच्या दोन, मधल्या पल्ल्याच्या दोन आणि पटर दोन घ्या. पटर दोन अशासाठी की एक तळ्यात गेला तर डाव थांबू नये. नवख्यांनी आणि सांधे दुखणाऱ्यांनी १५० ग्रॅमच्या आसपासच्या हलक्या डिस्क बघाव्यात.

पिशवीवर "दहा डिस्क" लिहिले असले तरी त्यावर विसंबू नका. पटर ड्रायव्हरपेक्षा जाड असतो, त्यामुळे जाड डिस्क जास्त असतील तर दहाच्या जागी आठच मावतात. दुकानात आपल्याच डिस्क घालून बघा, आणि त्या दोन बोटांनी सहज बाहेर येतात का तेही बघा. बूड कडक हवे. जमिनीवर ठेवल्यावर पिशवी उभी राहिली पाहिजे, लोळली की दर वेळी दुप्पट वाकणे आले. पटरसाठी वर वेगळा कप्पा असेल तर उत्तम. पट्टा एकच असेल तर बास्केटगणिक खांदा बदला. गुडघे किंवा पाठ मुळातच कुरकुरत असतील तर चाकांची गाडी घ्यायला संकोच करू नका, काहींवर बसायचीही सोय असते. मात्र आपले मैदान चढउताराचे आणि मुळांनी भरलेले असेल, तर ती गाडी ओढणे म्हणजे नवे काम. आधी मैदान पाहून या.

पंचवीस डिस्कची सॅक कुणी घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. स्पर्धा खेळणाऱ्या तरुणांना वाऱ्याप्रमाणे, झाडांप्रमाणे वेगवेगळ्या डिस्क लागतात. नातवंडे बरोबर असतील तर त्यांच्या डिस्क, त्यांचे पाणी आणि त्यांचे काढलेले स्वेटर शेवटी आजोबांच्याच पाठीवर येतात. त्या दिवसापुरती मोठी सॅक त्यांच्या आईबापांकडून मागून घ्यावी, आणि शक्यतो त्यांच्याच पाठीवर द्यावी.

प्रत्येक डिस्कवर नाव आणि फोन नंबर पक्क्या शाईने लिहा. सापडलेली डिस्क फोन करून परत देणारी माणसे इथे पुष्कळ भेटतात. उन्हाळ्यात पिशवी गाडीच्या डिकीत विसरू नका, उष्णतेने डिस्क वाकड्या होतात. आणि दिवाळीच्या सुमारास घड्याळ एक तास मागे जाते, तेव्हा संध्याकाळचा खेळ विसरा आणि सकाळी दहाला या. थंडीत हातमोजे, टोपी आणि थर्मास लागतो, आणि छोट्या पिशवीत ते मावत नाही. त्यासाठी मोठी पिशवी घेण्यापेक्षा मोठ्या खिशांचे जाकीट घाला.