लघुदाबाचा हिशेब

वीज कंपनीच्या दप्तरी आपणां घरगुती ग्राहकांची नोंद 'लघुदाब' या सदराखाली होते, आणि त्यामुळे सामान्य गृहस्थाची अशी सोयीस्कर समजूत होऊन बसते की खरी भयंकर वीज ती डोंगरावरच्या मनोऱ्यांवरून जाणारी, आपल्या भिंतीत खेळणारी मात्र सौम्य प्रकृतीची. 1956 च्या भारतीय वीज नियमांनी 250 व्होल्टपर्यंतच्या दाबाला हे नाव दिले होते. आंतरराष्ट्रीय परिभाषेत तर प्रत्यावर्ती विजेचे हजार व्होल्टसुद्धा लघुदाबातच मोडतात. ओल्या अंगाच्या माणसाचा रोध हजार ओहमच्या घरात धरला, तर आपल्या नेहमीच्या 230 व्होल्टांनी त्याच्या देहातून 230 मिलिअँपियर प्रवाह वाहतो, आणि मनुष्यरक्षणासाठी जी उपकरणे बसवितात ती 30 मिलिअँपियरलाच वीज तोडण्यासाठी घडविलेली असतात. यावरून या 'लघु'त्वाचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

गेल्या पावसाळ्यात एका शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तारतंत्री शाखेच्या तासाला बसण्याचा योग आला. हा दोन वर्षांचा शिक्षणक्रम. यंत्रशाळेत लाकडी फळ्यांवर वायरिंगचा सराव चाललेला, आणि त्या दिवशी मात्र पक्कड बाजूला ठेवून मुलांना कागद-पेन्सिल दिलेली. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एवढ्याच घराचा नकाशा, आणि त्याच्या फिटिंगची तजवीज करावयाची. मुलांनी अर्थातच आधी दिवे काढले, मग पंखे, मग जिथे जागा दिसेल तिथे सॉकेट. निदेशक शांतपणे म्हणाले, "पॉइंट कुणीही काढील रे, भार कुठाय?"

मग हिशेब सुरू झाला. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहाहून अधिक पॉइंट नसावेत आणि त्यांचा एकंदर भार 800 वॅटच्या आत असावा, हा आपल्याकडील जुना दंडक. गीझर, इस्त्री यांसारख्या जड मंडळींसाठी स्वतंत्र तार. दोन हजार वॅटचा गीझर 230 व्होल्टांवर पावणेनऊ अँपियरच्या आसपास प्रवाह ओढतो. त्याला 16 अँपियरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की आपोआप पडणारा खटका, आणि त्या एमसीबीखाली तितका प्रवाह बिनधोक वाहील अशी अडीच चौरस मिलिमीटरची वायर. भार, एमसीबी आणि तार यांची ही चढती श्रेणी कुठेही उलटता कामा नये. एमसीबी वरचेवर पडतो म्हणून तार तीच ठेवून 32 अँपियरचा बसवून देणारे कारागीर गावोगाव आहेत, आणि त्यांचे यजमान त्यांच्यावर खूशही असतात. वस्तुतः प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते, आणि तार भिंतीत गाडलेली असल्याने ती तापलेली कुणाला दिसत नाही.

एवढे सर्व समजल्यावरही एक प्रश्न उरतो, आणि माझ्या मते वायरिंगच्या विद्येतील खरी मेख तीच आहे. गीझरच्या आतील तार झिजून त्याच्या लोखंडी अंगाला टेकली, तर काय होईल? "अर्थिंग आहे ना सर, एमसीबी पडेल," असे एक मुलगा आत्मविश्वासाने म्हणाला, आणि आपणही बहुतेक जणांनी हेच म्हटले असते. निदेशकांनी फळ्यावर आकडे मांडले. कोळसा-मीठ घालून केलेल्या घराच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध 6 ओहम, रस्त्यावरच्या डीपीच्या, म्हणजे वीज कंपनीच्या रोहित्राच्या, खड्ड्याचा 4; प्रवाहाला घराच्या मातीतून डीपीच्या मातीत परतावयाचे असल्याने एकूण 10 ओहम. म्हणजे प्रवाह 23 अँपियर. 'सी' प्रकारचा 16 अँपियरचा एमसीबी तत्क्षणी पडावयाचा तर त्याला पाच ते दहा पट, म्हणजे किमान 80 अँपियर हवेत. तेवीसवर तो तासभर ढिम्म राहिला तरी त्याची कसूर मानता येणार नाही. तेवढा वेळ गीझरच्या अंगावर 23 गुणिले 6, म्हणजे 138 व्होल्ट उभे, आणि खाली साबणाच्या पाण्यात कुणीतरी उभे. वर्गात क्षणभर कुणी बोलेना. एमसीबीची नेमणूक मुळात तारेच्या रक्षणासाठी आहे. माणसाचा बंदोबस्त आरसीसीबी नावाच्या निराळ्या खटक्याकडे. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच लोहकड्यातून नेलेल्या असल्याने गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह यांचा जमाखर्च तो क्षणोक्षणी ताडून पाहतो, आणि 30 मिलिअँपियरची तूट आढळताच सेकंदाच्या तीन दशांशांच्या आत वीज तोडतो. अर्थिंगची तार असेल तर हा खटका गीझर बिघडताच पडतो. नसेल तर कुणीतरी हात लावीपर्यंत थांबतो. म्हणून दोन्ही हवेत.

बाकीचा तपशील भराभर उरकला. बटण फेजवरच घ्यावे, न्यूट्रलवर नव्हे, नाहीतर दिवा विझतो पण होल्डर जिवंतच राहतो. हिरवी तार अर्थिंगची, ती दुसऱ्या कशालाही वापरू नये. आणि काम संपल्यावर मेगर लावून तारांच्या आवरणाची परीक्षा घेतल्याखेरीज घर यजमानाच्या ताब्यात देऊ नये. उठता उठता निदेशक सहज म्हणाले की आरसीसीबीवर 'टी' अक्षराचे एक बारीक बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. कुणी पाहत नाही.

माझ्या घरी तो खटका बसवून सात वर्षे झाली होती. त्या संध्याकाळी दिवे लागलेले असताना स्टुलावर चढून मी ते बटण प्रथमच दाबले. खटका जागचा हलला नाही. पुन्हा दाबले, मग अंगठ्याचा जोर लावून दाबले. दिवे जळतच होते, आणि न्हाणीघरात गीझर चालू होता.