मान हलली आणि सिद्धांत डळमळला

चुळबुळ करणाऱ्या पोराला ‘जरा एका जागी बस’ म्हणून दटावावयाची आपल्या घरांतून जुनीच रीत आहे. हीच चुळबुळ काही वर्षांपूर्वी मेंदूविज्ञानातील नामांकित संशोधकांनाही चकवून गेली, आणि तिची कथा पालकांनी, तशीच न्यायदान करणाऱ्यांनीही ऐकण्याजोगी आहे.

माणूस एमआरआय यंत्रात नुसता स्वस्थ पडून असला, तरी त्याच्या मेंदूतील परस्परांपासून दूर असलेली केंद्रे एका लयीत कमीअधिक क्रियाशील होत असतात, हे १९९५ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे भारत बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. ज्यांची लय जुळते त्यांचा कार्यसंबंध आहे, असे मानण्यात येते. पुढे सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी मुले आणि प्रौढ यांची तुलना करून एक मोहक सिद्धांत मांडला. बालपणी शेजारशेजारच्या केंद्रांचे सख्य दाट असते. वय वाढते तसे ते विरळ होते आणि दूरच्या केंद्रांशी संबंध दृढ होतात. २०१० मध्ये तर ७ ते ३० वर्षे वयाच्या व्यक्तींच्या २३८ चित्रणांवरून, अवघ्या पाच मिनिटांच्या चित्रणाने मेंदूची प्रौढता अजमावता येते, असेही प्रसिद्ध झाले.

आणि मग २०१२ साली त्याच विद्यापीठातून, पूर्वीच्या निबंधांवर ज्यांची नावे होती त्यांपैकी काहींच्याच सहीने, कबुली आली. यंत्रात डोके मिलिमीटरच्या अंशाएवढे हलले, तरी जवळचे संबंध उगाच दाट आणि दूरचे विरळ भासतात. मुले तर मोठ्यांहून अधिक हलतात! म्हणजे विकास म्हणून जे टिपले गेले, त्यात चुळबुळीचाही मोठा वाटा होता. स्वतःच्याच कीर्तीविरुद्ध अशी साक्ष देण्याचे धैर्य आमच्या सार्वजनिक जीवनात आम्हांला अभावानेच आढळते.

सगळेच वाहून गेले, असे मात्र नव्हे. हालचालीचा दोष काढून टाकल्यावरही वयानुरूप फरक उरला. तो पूर्वीपेक्षा सौम्य होता एवढेच. पौगंडावस्थेत एकेका कामाची जाळी अंतर्गत अधिक सुसंघटित होतात, असे दिसते. परंतु हे निष्कर्ष समूहाच्या सरासरीचे आहेत. सारख्या वयाच्या दोन मुलांतील अंतर कित्येकदा याहून मोठे असते. पंचविसाव्या वर्षी मेंदू ‘पूर्ण’ होतो, हे सध्या लोकप्रिय झालेले विधान म्हणूनच आम्हांला पटत नाही.

याचा आपल्याशी संबंध कोठे येतो? आपल्या २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर घोर गुन्ह्याचा आरोप असल्यास, परिणाम समजण्याची त्याची क्षमता बाल न्याय मंडळाला प्रथम अजमावावी लागते. त्यावरून त्याचा खटला प्रौढासारखा चालावा की नाही, याची दिशा ठरते. उद्या कोणी तेथे मेंदूचे रंगीत चित्र पुरावा म्हणून पुढे केले, तर मंडळाने आधी एवढेच विचारावे, की चित्र घेताना त्या मुलाची मान किती हलली होती.