सुताच्या कचऱ्याचं खत: ढिगाच्या आत नेमकं काय चालतं?

सांगोला म्हटलं की डाळिंब आठवतं. पण इथे शेतकरी सहकारी सूतगिरणीही आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, सोलापुरात, चादरी-टॉवेलचे कारखाने आहेत. म्हणजे एकीकडे सुताचा कचरा आणि दुसरीकडे सेंद्रिय खताची कायम गरज असलेली कोरडवाहू जमीन. मग या कचऱ्याचं खत करता येईल का? येईल, पण सगळ्या कचऱ्याचं नाही. का ते बघू.

कापूस म्हणजे साखरेची साखळी

कापसाचा धागा जवळपास पूर्ण सेल्युलोजचा असतो. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचे हजारो मणी एका माळेत ओवलेले. या माळा एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की आपल्या पोटाला त्या पचत नाहीत. काही बुरशी आणि बॅक्टेरियांना मात्र पचतात, कारण ते सेल्युलेज नावाची एन्झाइम्स बाहेर सोडतात.

हे काम तीन टप्प्यांत चालतं. पहिलं एन्झाइम माळ मधेच कुठेतरी तोडतं. दुसरं तुटलेल्या टोकापासून दोन-दोन मणी सोडवतं. तिसरं त्या जोडीचे सुटे ग्लुकोज करतं. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सांगायचं तर ही पाइपलाइन आहे: एक टप्पा अडला की मागचेही मंदावतात.

यातली सगळ्यात नावाजलेली बुरशी म्हणजे ट्रायकोडर्मा रीसाय. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजत होते, तिथे ती सापडली. सैन्याला नको असलेल्या त्याच बुरशीची एन्झाइम्स आज जीन्सला मऊपणा आणायला वापरतात. मर रोगासाठी डाळिंबाला आपण जी ट्रायकोडर्मा पावडर देतो, ती हिचीच भावकी.

ढिगात पाळ्या लागतात

गिरणीसारख्याच इथेही शिफ्ट असतात. सुरुवातीला साध्या तापमानाचे बॅक्टेरिया सहज मिळणारं अन्न खातात. त्यांच्या श्वसनातून उष्णता निघते आणि ढीग तापतो. ५५ ते ६५ अंशांपर्यंत गेला की बॅसिलस, थर्मोबिफिडा असे उष्णता सोसणारे कामाला लागतात. याच उष्णतेत बरेचसे रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. ढीग निवला की बुरशी आणि अॅक्टिनोमायसिटीस उरलेला चिवट माल संपवतात. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो, तो याच अॅक्टिनोमायसिटीसमुळे. तयार खतालाही तसाच वास येतो.

नुसती रुई का कुजत नाही?

कारण जंतूंना कार्बनसोबत नायट्रोजनही लागतो. साधारण ३० भाग कार्बनला १ भाग नायट्रोजन असं प्रमाण चांगलं. कापसात नायट्रोजन जवळजवळ नसतोच.

हिशोब करून बघा. १०० किलो कोरड्या सुती चिंध्यांत साधारण ४४ किलो कार्बन. त्याला ३० ने भागलं की सुमारे दीड किलो नायट्रोजन. युरियात तो ४६ टक्के असतो, म्हणजे सव्वातीन किलो युरिया, तोही थोडा थोडा करून. एकदम टाकला तर अमोनिया होऊन उडून जातो. शेण वापरलं तर ते बरंच जास्त लागेल, कारण शेणात स्वतःचाही कार्बन असतो. पण त्यासोबत जंतू फुकट मिळतात.

ओलावा ५० ते ६० टक्के हवा: मूठ दाबली तर ओल जाणवावी, पण धार लागू नये. ओली रुई दबून तिचा गोळा होतो आणि आत हवा जात नाही. म्हणून काडीकचरा मिसळा आणि ढीग वर-खाली करत राहा. हवा तुटली की घाण वास सुटतो. बंद टाकीत मात्र हेच मुद्दाम करतात: मुंबईत माटुंग्याच्या सिरकॉट संस्थेने गिरणीतल्या रुईच्या धुळीपासून, म्हणजे विलो डस्टपासून, बायोगॅस करण्याचं तंत्र विकसित केलंय.

एक काळजी घ्या. ही धूळ कोरडी हाताळू नका. फुप्फुसात गेली तर बिसिनोसिस हा आजार होऊ शकतो. आधी पाणी शिंपडा आणि मास्क लावा.

खरी अडचण पॉलिस्टरची

टेरिकॉटचं कापड ढिगात टाकलं तर त्यातला कापूस कुजतो आणि पॉलिस्टरचे धागे तसेच उरतात. खत काळंभोर दिसतं, पण त्यासोबत प्लास्टिकचे तंतू शेतात जातात. ते परत वेचून काढता येत नाहीत.

पॉलिस्टर खाणारा बॅक्टेरिया आहे, हे खरं. इडिओनेला साकाएन्सिस, जपानमध्ये सापडला, २०१६ मध्ये जाहीर झाला. पानांच्या कंपोस्टमधून मिळालेल्या एका एन्झाइममध्ये बदल करून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी बाटल्यांचं प्लास्टिक १० तासांत ९० टक्के तोडून दाखवलं. पण ते ७२ अंशांवर, प्लास्टिकवर आधी प्रक्रिया करून आणि कारखान्यासारख्या रिअॅक्टरमध्ये. बांधावरच्या ढिगात ते होणार नाही.

म्हणून आधी निवड करा. एक धागा ओढून चिमट्यात धरून पेटवा. कागदासारखा जळून मऊ राख झाली तर सुती. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर, बाजूला ठेवा. राखही आणि मणीही दिसला तर मिश्र कापड, तेही नको. गडद रंगाचं आणि छपाईचं कापडही टाळा, कारण काही रंगांत जड धातू असतात. कोरं सूत आणि गिरणीची निव्वळ सुती रुई सगळ्यात उत्तम.

शेवटची चाचणी सोपी आहे. ढीग उलटवल्यावर परत तापला नाही, की त्यातलं थोडं खत मातीत मिसळून मूग पेरा. साध्या मातीतल्या मुगाइतकाच उगवला तर खत तयार. नाही उगवला तर ढिगाला अजून वेळ द्या, डाळिंबाच्या मुळाशी घालू नका.