अंगणातील लव्हाळा

चतुर्थी जवळ आली की घरोघरी रंगरंगोटी सुरू होते आणि त्याच सुमारास यजमानाची नजर अंगणातील हिरवळीकडे वळते. आषाढ-श्रावणाच्या सरींनी तिची केलेली दशा पाहून त्याने हताश व्हावे यात नवल नाही. हरळीच्या गालिच्यातून लव्हाळ्याची तजेलदार पाती बोटभर वर आलेली असतात. आज कापली तरी चार दिवसांत पुन्हा हजर! मग कोणीतरी तणनाशकाची बाटली सुचवतो आणि पाहुण्यांपूर्वी अंगण नीटनेटके दिसावे या घाईत ती फवारलीही जाते. या घाईविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांला अगत्याचे वाटते.

तुकोबांनी लव्हाळ्याच्या ठायी नम्रता पाहिली. पुरापुढे वाकून तो वाचतो हे खरेच; परंतु ज्याने तो एकदा तरी उपटून पाहिला आहे, त्याचे त्याच्या नम्रतेविषयीचे मत निराळे असेल. हाती येते ती केवळ वरची पात. जमिनीखाली काळपट कंदांची माळ, बारीक दोऱ्यासारख्या खोडाने एकमेकांशी जोडलेली, जशीच्या तशी राहते. माळ अखंड असेपर्यंत तिच्यातील बरेच कंद निद्रिस्त असतात. ती तुटली की एकेक जागा होतो. म्हणूनच कुदळीने केलेली अर्धवट खणणी ही लव्हाळ्याची लागवडच ठरते. हाच कंद नागरमोथा म्हणून आयुर्वेदाने गौरविला आहे आणि दिवाळीच्या उटण्यासाठी आपण तो पैसे मोजून आणतो, ही गोष्ट अलाहिदा.

आता बाटलीविषयी. ग्लायफोसेट तण आणि हिरवळ असा भेद करीत नाही. लव्हाळ्याबरोबर हरळीही जळते. फवारल्यानंतर काही तास पाऊस पडता कामा नये, आणि भाद्रपदात हा भरवसा कोणी द्यावा? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली हे रसायन बहुधा कर्करोगकारक असल्याचे म्हटले. इतर काही नियामक संस्थांनी ते मान्य केले नाही, तरी 2022 साली आपल्या केंद्र सरकारने त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली होती. लव्हाळ्यावर नेमके काम करणारे हॅलोसल्फ्युरॉन उसाच्या शेतात वापरतात. पण त्याचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात, तेव्हा सणाच्या घाईला त्याचाही उपयोग नाही.

आणि आमच्या अंगणांची गोष्ट शेतासारखी नाही. येथील हरळी म्हणजेच दूर्वा. गणपतीसाठी मुले ती याच हिरवळीतून खुडून आणतात. कुंपणाकडचा टाकळा भाजीसाठी घरात येतो. विहीर चार पावलांवर असते, आणि पावसाचे लोट कुठून कुठे जातात हे कोणी सांगावे?

उपाय आहे, पण तो चिकाटीचा आहे. खुरपे खोल घालून कंदासकट लव्हाळा काढावा आणि दर पंधरवड्यास, नवे कंद धरण्याआधी, पुन्हा काढावा. सतत पात गमावणाऱ्या कंदातला साठा हळूहळू संपतो. लव्हाळ्यास सावली सोसत नाही, म्हणून हरळी फार बुंध्याशी कापू नये. दाट राहिली तर ती स्वतःच त्याला दाबते. जेथे लव्हाळाच अधिक आणि हरळी नावापुरती उरली आहे, तेथे एप्रिल-मेमध्ये पाणी तोडून माती वीतभर खणावी, चाळून कंद वेचावेत, कडक उन्हात वाळवावेत आणि पहिल्या पावसानंतर नवी हरळी लावावी. वेचलेले कंद शेणखताच्या खड्ड्यात मात्र टाकू नयेत.

पुष्कळदा हा पाहुणा आपणच घरी आणतो: ट्रकभर माती किंवा रोपवाटिकेतील गवताच्या गाद्या विकत घेताना त्यांतील कंद कोणी पाहत नाही. पावसाळ्यापूर्वी तालुक्यांच्या विभागीय कृषी कार्यालयांनी गृहस्थांसाठी एखादे प्रात्यक्षिक ठेवले, तर बाटलीवरील बारीक अक्षरांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

यंदाच्या चतुर्थीपुरते म्हणाल, तर कापणीयंत्राचे पाते थोडे वर चढवावे आणि दर्शनी भागातील लव्हाळा हातांनी काढावा. मागल्या दारी थोडा उरलाच, तर आरतीला जमलेल्या पाहुण्यांचे त्याकडे लक्ष जाईल असे आम्हांला वाटत नाही.