हरिहरेश्वरची कातळवाट आणि तिथीचा हिशेब

कोकणचा किनारा म्हटला की डोळ्यांपुढे येते ती मऊ वाळू आणि माडांची रांग. पण या किनाऱ्याचे दुसरे एक रूप आहे, ते कातळाचे. ते पाहायचे तर रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वरला जावे. कोकण रेल्वेच्या माणगाव स्थानकावर उतरावे आणि म्हसळ्यावरून रस्त्याने पुढे यावे. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री नदी या गावाच्या दक्षिणेला, बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते.

हे शंकराचे जुने क्षेत्र. पेशव्यांच्या भट घराण्याचे हे कुलदैवत. आधी काळभैरवाचे, मग हरिहरेश्वराचे दर्शन घ्यायचे आणि देवळामागच्या टेकडीला प्रदक्षिणा घालायची, असा इथला रिवाज. ही वाट टेकडी चढते, दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून पायऱ्यांनी खाली उतरते आणि थेट समुद्राकाठच्या कातळावर येते. पुढची वाट या कातळावरूनच टेकडीला वळसा घालून जाते.

आता इथे थोडे थांबा आणि पायाखाली पाहा. हा काळवत्री दगड, म्हणजे शास्त्राच्या भाषेत बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वर आलेला लाव्हा थरांवर थर साचून थंड झाला, त्यातून हा खडक बनला. सह्याद्रीही त्याचाच. पुढे समुद्राने आपले काम सुरू केले. लाटा कड्याच्या पायथ्यावर आदळतात, पायथा आतून पोखरला जातो, वरचा भाग आधार सुटून कोसळतो आणि कडा मागे सरतो. कडा मागे सरला की त्याच्या जागी सपाट ओटा उरतो. तुम्ही उभे आहात तो हाच ओटा, बरं का!

आणि कड्याच्या अंगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके दिसतात, ती कशाने पडली? मिठाने! खाऱ्या पाण्याचे तुषार दगडाच्या छिद्रांत शिरतात. ऊन लागले की पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. त्या मिठाचे खडे वाढतात आणि दगडाचे कण आतून ढकलून सुटे करतात. वर्षानुवर्षे हे चालले की दगडाची जाळी होते.

पण हा ओटा भरतीच्या पाण्याखाली जातो. म्हणून हरिहरेश्वरला जाण्यापूर्वी गाडीचे वेळापत्रक पाहाल, तशीच भरतीची वेळही पाहा. कोकणातल्या दर्यावर्दी माणसांचा त्यासाठी एक सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, तो भरतीचा तास. समजा, पंचमी आहे. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पूर्ण भरती पहाटे आणि दुपारी पावणेचार-चारच्या सुमारास, आणि पूर्ण ओहोटी सहा तासांच्या फरकाने, सकाळी दहाच्या आसपास. शुद्ध पक्ष असो की वद्य, रीत तीच. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा माथ्यावर येतो, त्याच्यामागोमाग भरतीही उशिरा येते. पाऊणपटीचे मूळ इथे आहे. हा अंदाज अर्धा-पाऊण तास चुकू शकतो, म्हणून छापील कोष्टक पाहावे आणि गावातल्या कोळी बांधवांना विचारावे.

आता एक महत्त्वाची गोष्ट. यात्रेकरूंची गर्दी होते ती महाशिवरात्रीला. ती येते वद्य चतुर्दशीला. चौदाची पाऊणपट साडेदहा! म्हणजे माणसे दर्शन घेऊन प्रदक्षिणेला निघतात, नेमकी त्याच सुमारास भरती. शिवाय अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण असते, पाणी नेहमीपेक्षा जास्त चढते. अष्टमीच्या सुमारास असते भांगाची भरती, ती बेताची. त्यामुळे शिवरात्रीला खालची वाट सकाळी धरू नये. तिसरा प्रहर उलटून ओहोटी लागू द्यावी.

भरतीची चढण सारखी नसते. पहिल्या तासात पाणी जेमतेम हलते, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पण सहा तासांत जेवढे पाणी चढायचे, त्यातले जवळजवळ निम्मे मधल्या दोन तासांतच चढते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि पायाखाली शेवाळ! या कातळावरून लाटेने माणसे ओढून नेली आहेत. तेव्हा पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी उतरावे आणि पाणी वळण्यापूर्वी बाहेर पडावे. ओल्या, काळसर चकाकणाऱ्या दगडावर पाय देऊ नये. तिथवर लाट नुकतीच येऊन गेलेली असते. समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये. पावसाळ्यात तर ही वाट सोडूनच द्यावी.

शिक्षक बंधुभगिनींनो, सहल नेण्याआधी पंचांग वर्गात आणा. प्रत्येक मुलाला एक तिथी द्या आणि भरती-ओहोटीची वेळ काढायला सांगा. पाऊणकीचा पाढाही होईल आणि भूगोलही. मग कातळावर गेल्यावर डबक्यांतले खेकडे, दगडाला चिकटलेली कालवे, कड्याची जाळी मुलांना दाखवा. दगड फोडू नका, त्यावर नावे कोरू नका. जी जाळी विणायला समुद्राला युगे लागली, ती मोडायला हातोडीचा एक घाव पुरतो.

देवाला प्रदक्षिणा घालायची ती श्रद्धेने घाला, पण निघण्यापूर्वी तिथीची पाऊणपट करायला विसरू नका.