तळटिपेतली आई

सटीप आवृत्ती म्हटलं की आपल्यातल्या पुष्कळजणींना कॉलेजातली परीक्षा आठवते. पानाच्या वरच्या भागात नाटक आणि खाली बारीक अक्षरांत टिपांची गर्दी! बी.ए.ला असताना मी त्या टिपा पाठ केल्या, पण खऱ्या अर्थानं वाचल्या नाहीत. परवा एका विद्यार्थिनीला शिकवायचं म्हणून शेक्सपिअरचं ‘मच अडू अबाउट नथिंग’ पुन्हा हातात घेतलं, तेव्हा तळटिपांनीच मला धरून ठेवलं.

गोष्ट तशी ओळखीची. मेसिनाचा गव्हर्नर लिओनातो, त्याची मुलगी हिरो आणि तिखट जिभेची पुतणी बिआट्रिस. बिआट्रिस आणि बेनेडिक यांचं एकमेकांशी क्षणभर पटत नाही. लग्न करायचं नाही, असं दोघांचंही ठाम मत. मित्रमैत्रिणी मुद्दाम त्यांच्या कानावर पडेल असं बोलतात, की ‘तो तुझ्यासाठी झुरतोय’, ‘ती तुझ्यासाठी झुरतेय’. झालं! दोघंही विरघळतात.

इथे एक टीप भेटते. ‘नथिंग’ हा शब्द त्या काळी ‘नोटिंग’सारखा, म्हणजे टिपणं, कान देणं या अर्थाच्या शब्दासारखा, उच्चारला जाई असं अभ्यासक सांगतात. सगळं नाटक चोरून ऐकण्यावर उभं, ते नावातच आलंय! दुसरी टीप आणखी मजेची. १६०० साली छापलेल्या पहिल्या प्रतीत एका प्रवेशात शिपायांच्या म्होरक्याच्या वाक्यांपुढे पात्राऐवजी नटाचंच नाव, केम्प, छापलं गेलंय.

पण मला थांबवलं ते तिसऱ्या टिपेनं. त्याच प्रतीत पहिल्या अंकाच्या सुरुवातीला लिओनातोबरोबर प्रवेश करते ‘इनोजेन, त्याची पत्नी’. दुसऱ्या अंकातही पत्नी येते. मात्र संपूर्ण नाटकात तिला एकही वाक्य नाही. कुणी तिच्याशी बोलत नाही. १७३३ साली संपादक थिओबाल्डनं तिला काढूनच टाकलं आणि पुढच्या बहुतेक संपादकांनी त्याचीच री ओढली. लेखकानं आई योजली असेल आणि लिहिता लिहिता ती मागे पडली असेल, असं म्हणतात. तसंच असेल. पण एकदा ती दिसली की नाटक पहिल्यासारखं राहत नाही.

पहिल्याच प्रवेशात राजपुत्र विचारतो, ही तुमची मुलगी का? लिओनातो थट्टेनं सांगतो, तिची आई तरी तसं म्हणते बुवा! जुन्या प्रतीप्रमाणे पाहिलं तर ती आई तिथेच उभी आहे. चौथ्या अंकात भर लग्नात नवरामुलगा खोट्या किटाळावर विश्वास ठेवून हिरोची अब्रू काढतो. खुद्द बाप म्हणतो, ही मेली तर बरं. हिरोसाठी भांडते ती बिआट्रिस. आई कुठेच नाही.

वाचताना मला आमच्या ताईच्या लग्नाची बैठक आठवली. देण्याघेण्याच्या गोष्टी पुरुषांत चालल्या होत्या आणि आई पोह्यांच्या बश्या देऊन दाराशी उभी होती. तिला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. याद्या झाल्या, त्यांवर सह्या झाल्या, त्यात तिचं वाक्य नव्हतं.

अलीकडे काही दिग्दर्शकांनी इनोजेनला पुन्हा रंगमंचावर आणून हिरोच्या काकाचे संवाद तिला दिले आहेत. म्हणजे आईला बोलायला जागा करता येते, हे खरं.

मैत्रिणींनो, वाचनालयातून जुनं नाटक आणाल तेव्हा सटीप आवृत्ती मागा. मात्र आधी एकेक अंक टिपांकडे न पाहता सलग वाचा. नाहीतर दर ओळीला खाली मान घालून नाटकातली गंमतच जाते. अंक संपला की मग टिपा चाळा. वर ज्यांना जागा मिळाली नाही, अशी माणसं तिथे भेटतात.

मी यंदा दिवाळीला माहेरी गेले की आईला त्या बैठकीबद्दल विचारणार आहे. उशीर झालाय, पण विचारणार आहे.