समुद्रावरचा वारा आणि कामगार

कोपरला खाडीवरून येणारा वारा आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. खुल्या समुद्रावर तो अधिक वेगाने वाहतो. आणि वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती आठपट होते. म्हणूनच २०२४ साली केंद्र सरकारने गुजरात व तामिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या पवनचक्क्यांसाठी, बंदरसुधारणेसह, ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पण भर समुद्रात त्या उभारणार कोण? कामगारच. समुद्रातील कामाचा अनुभव आपल्याला आहे : २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबई हायच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला आणि सत्तरांहून अधिक माणसे गेली. म्हणून आम्ही म्हणतो, वादळापूर्वी माणसे किनाऱ्यावर आणण्याची जबाबदारी कंत्राटातच लिहा. वीज आम्हांला हवीच. पण माणसांच्या मोलाने नको.